टाचे मारलेली भिंत

भिंतीवरून भावाभावांत भांडणं होतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कोर्टकचेऱ्या होतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण चौतीस वर्षं एका छपराखाली नांदलेली नवरा-बायको आपल्याच स्वयंपाकघरातल्या आठ फुटी भिंतीवरून एकमेकांचं तोंड बघेनाशी व्हावीत, हे संत तुकाराम नगरातल्या त्या बैठ्या घरांच्या ओळीत पहिल्यांदाच घडत होतं. आणि मी सांगतो, दोघंही वाईट नव्हती. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती.

कस्तुरा डबे करायची. अकरा डबे, दोन्ही वेळचे. घेणारी सगळी बाहेरगावची पोरं, चाकणला कंपनीत शिफ्ट करणारी. पहिल्या शिफ्टची बस भल्या पहाटे चौकात येऊन हॉर्न मारायची, त्याआधी डबे बांधून तयार पाहिजेत. म्हणजे कोंबड्याआधी हिच्या घरात मोहरी तडतडायची. आणि मोहरी तडतडली की तेल काही कढईत बसून राहत नाही, ते उडतं, आणि गॅसच्या मागच्या भिंतीवर जाऊन बसतं. रोज संध्याकाळी कस्तुरा सोड्याचं पाणी आणि काथ्या घेऊन ती भिंत घासायची. अठरा वर्षं घासली. मग उजवा खांदा आखडला. हात डोक्यावर जाईना, वेणी घालायला शेजारच्या तानुबाईंकडे बसायची पाळी आली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "एक तर भिंत घासणं बंद करा, नाहीतर डबे बंद करा."

डबे बंद! डबे म्हणजे तिची कंपनी होती हो. नवरा, मुलगा, सगळ्यांना कुठून ना कुठून बोलावणं यायचं, हिला फक्त त्या अकरा पोरांचं. "मावशी, आज शेपू नको हां", "मावशी, आजची आमटी आईच्या हातची वाटली". एवढ्यावर ती जगत होती. म्हणून तिनं ठरवलं, गॅसच्या मागं टाइल्स लावायच्या. ओलं फडकं फिरवलं की भिंत स्वच्छ. खांदाही सुटला आणि डबेही राहिले.

पण मध्ये आडवे आले साहेबराव.

साहेबराव म्हणजे तिचे यजमान. एकतीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला. पत्रा घासायचा, खड्डे लांबीचा लगदा भरून बुजवायचे, पुन्हा घासायचा, धुळीचा कण राहू द्यायचा नाही, आणि मग रंग. हाताचा तळवा पत्र्यावरून फिरवून सांगायचे, "इथं खाच आहे." दुसऱ्याला दिसायचीसुद्धा नाही, आणि ती असायची. पाच वर्षांपूर्वी कंपनीत रंग मारणारी यंत्रं आली. लांब हातांची, न दमणारी, चहा न मागणारी. जुन्या माणसांना शाल-श्रीफळ देऊन मानानं घरी पाठवलं. मानानं पाठवलं तरी घरीच पाठवलं ना! साहेबराव त्यावर कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण तेव्हापासून बोलायचेच कमी.

आता त्यांच्या हाताला उरली होती एकच जागा, ही स्वयंपाकघराची भिंत. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी तिला ते आभाळी ऑइलपेंट द्यायचे. आधी घासून, खड्डे भरून, जसा गाडीचा पत्रा तशी. जयंतीला खीर खायला आलेल्या माणसांना हाताला धरून आत न्यायचे, "हात फिरवून बघा, केस अडकायचा नाही." लोक बिचारे खिरीची वाटी सांभाळत हात फिरवायचे.

"टाइल्स कशाला? मी रंगवतो की दरवर्षी," साहेबराव म्हणायचे.

"तुम्ही रंगवता वर्षातनं एक दिवस. घासते मी उरलेले तीनशे चौसष्ट," कस्तुरा म्हणायची. यावर ते उठून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं. शेवटी त्यांचा मुलगा बुद्धरत्न, माणला राहतो तो, एका रविवारी गाडी घेऊन आला आणि आईला टाइल्सच्या दुकानात घेऊन गेला. तिनं दुधी रंगाच्या साध्या टाइल्स घेतल्या, आणि मधल्या शोभेच्या पट्टीसाठी सहा टाइल्स निळ्या कमळाच्या. खोकी घरात आली तेव्हा साहेबरावांनी ती नुसती बघितली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कस्तुराला वाटलं, हे नाहीच आहे. माणूस जवळचा असला की आपण त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ परस्पर लावून टाकतो, तसंच झालं.

टाइल्सचा मिस्त्री ज्योतीराम. अहमदपूरकडचा, पस्तिशीचा गडी, तोंडानं फटकळ पण कामाला चोख. शनिवारी सकाळी आला. डबेवाल्या पोरांना कस्तुरानं तीन दिवसांची सुट्टी सांगितली होती, मंगळवारी पहाटे डबे चालू. ज्योतीरामनंही बजावलं होतं, "मावशी, शनिवारी भिंत तयार करतो. रविवारी मला आळंदीला जायचंय, तिथं धर्मशाळेचं काम बघायचंय. सोमवारी टाइल्स लावतो. मंगळवारपासून तीन आठवडे आळंदीला अडकलो. सोमवार चुकला तर मला दोष देऊ नका."

गॅस, डबे, पिंपं सगळं बाहेरच्या खोलीत आलं. ज्योतीरामनं आधी सोड्याच्या पाण्यानं भिंतीचा तेलकटपणा काढला, मग पत्र्यानं रंग खरवडायला लागला. रंग काही निघेना. घामाघूम होऊन तो म्हणाला, "कोणी दिलाय राव हा रंग? सोडतच नाही भिंतीला!"

साहेबराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, हे कस्तुरानं पाहिलं. पण ज्योतीरामनं छन्नी टेकवून हातोडीचा पहिला घाव घातला मात्र, ते वळले आणि पायात चप्पल सरकवून निघून गेले. ते थेट दिवेलागणीला परत आले.

ज्योतीराम टाचे मारत राहिला. दोन-दोन बोटांवर एक खळगा, रंगाखालचा गिलावा दिसेपर्यंत. धुळीनं घर भरलं. कस्तुरानं नाकाला पदर लावून विचारलं, "अरे बाबा, लावायची टाइल आणि फोडतोस भिंत?"

"मावशी, ऑइलपेंट म्हणजे तेल. तेलावर सिमेंट धरत नाही. अशीच गुळगुळीत रंगावर टाइल चिकटवली तर वर्षभर मजेत राहील, आणि एक दिवस तुम्ही वांगं परतताना टाइल येईल कढईत. हे टाचे म्हणजे तिला धरायला जागा. भिंत जितकी खडबडीत, तितकी पकड घट्ट."

कस्तुराला पटलं. पण बघा, हे कळलं कस्तुराला. साहेबरावांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. ते घरी नव्हते, आणि आल्यावर सांगावं असं दोघांत बोलणं उरलं नव्हतं.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले. दिवा लावला. भिंतीवरून तळवा फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "देवी येऊन गेल्यासारखी दिसायला लागली गं भिंत," ते म्हणाले. "आणि हिच्यावर टाइल्स बसवणार तो?"

"त्याचं तो बघेल. तुम्ही नका लक्ष घालू," कस्तुरा म्हणाली. खांदा ठणकत होता, घरभर धूळ होती, आणि तिला त्या क्षणी कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

रविवारी देहूरोडला तिच्या वारलेल्या मावशीचं पुण्यानुमोदन होतं. सकाळी आठलाच ती बसनं गेली. "जेवण झाकून ठेवलंय" एवढंच बोलून गेली. संध्याकाळी पाच वाजता परत आली तर दारातच तिला वास आला. खडूचा, सरसाचा. हा वास तिच्या ओळखीचा होता. दरवर्षी एप्रिलात घरात यायचा तोच.

ती आत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावली.

भिंत गुळगुळीत झाली होती. एकही टाचा नाही. छताजवळच्या कोपऱ्यापासून ओट्याच्या काठापर्यंत पांढरी लांबी भरून, घासून, पुसून, आरशासारखी. समोर स्टुलावर साहेबराव बसलेले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, हातात पॉलिश पेपरचा तुकडा. आणि चक्क हसत होते! पाच वर्षांत हा माणूस असा हसला नव्हता.

कस्तुराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला त्या हसण्यात एकच गोष्ट दिसली: जिंकलो.

"काय केलंत हे?"

"बघ तरी जवळ येऊन. हात फिरव."

"हात फिरवू? हात राहिलाय का मला फिरवायला? अहो, दिवसभर खपून त्या पोरानं भिंत फोडली आणि तुम्ही..." तिनं डावा हात भिंतीकडे केला. "टाइल्स नको होत्या तर तोंडानं सांगायचं होतं! पाठीमागं हे उद्योग? उद्या एकच दिवस आहे त्याच्याकडे. परवा पोरांना डबे द्यायचेत मला. माझे डबे बंद पाडायचेत ना तुम्हाला? तुमचं काम गेलं, आता माझंही जाऊ दे, असंच ना?"

"अगं कस्तुरा, मी तर उलट..."

"काही बोलू नका!" आणि मग ती बोलली ते बोलायला नको होतं. माणसाची जीभ सैल सुटली की बरोबर दुखऱ्या जागी जाऊन बसते. "कंपनीनं त्या यंत्राला घेतलं आणि तुम्हाला घरी पाठवलं ते बरंच केलं. सांगितलं तेवढंच करतं ते!"

साहेबरावांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू गेलं, आणि तेच बघवेना. ते उठले, मोरीत जाऊन हात धुतले, पॉलिश पेपर नीट घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. कस्तुरानं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. सकाळी तिला जाग आली तेव्हा साहेबराव घरात नव्हते.

ज्योतीराम नऊला आला. दार ढकललं आणि तिथंच उभा राहिला.

"मावशी! कोणी केला हा शहाणपणा?"

"आमच्या घरातल्यांनी," कस्तुरा मान खाली घालून म्हणाली. "बाबा रे, काहीतरी कर. तुझ्या पाया पडते. टाइल्स नकोत म्हणून केलंय त्यांनी. त्यांची समजूत मी कशीही घालीन, पण आजच्या आज..."

"आजच्या आज?" ज्योतीराम वैतागला. "अहो, ही लांबी पत्र्यानं खरवडायची, सगळे टाचे पुन्हा मारायचे, दोन दिवस गेले माझे! आणि लांबीवर टाइल कधीच लावायची नसते. रंग परवडला. मला नाही जमायचं मावशी, उद्या आळंदीला माणसं वाट बघतील." त्यानं हातातली थापी पिशवीत टाकली. मग सवयीनं खिशातून मोबाइल काढला, त्याची बत्ती लावली आणि भिंतीला गाल लावून बत्ती आडवी धरली, उंचसखल बघायला. बत्ती हळूहळू पुढं सरकवत गेला.

"मावशी, चष्मा कुठाय तुमचा?"

"का रे?"

"लावा आणि इकडे या."

कस्तुरा चष्मा लावून जवळ गेली. काल ती दारातूनच ओरडली होती, जवळ गेलीच नव्हती. आता आडव्या उजेडात तिला दिसलं. सगळ्या भिंतीवर बारीक पेन्सिलीच्या रेघा. उभ्या, आडव्या, दोऱ्यानं आखलेल्या. चौकोनच चौकोन. एकेका टाइलच्या मापाचे, मधल्या फटीसकट. नळाच्या जागी चौकोनाला बरोबर गोल काप दाखवलेला. आणि एका ओळीत सहा चौकोनांत सहा छोटी फुलं काढलेली. साहेबरावांना फुलं काढता येत नव्हती, ती वाटाण्याच्या शेंगांसारखी आली होती, पण फुलंच होती.

"ज्याला टाइल्स नकोत," ज्योतीराम म्हणाला, "तो त्यांच्यासाठी अशी जागा आखून ठेवत नाही मावशी. मी दहा वर्षं हे काम करतोय, मला असं आखता येत नाही. काकांना वाटलं असणार, मी रंग काढला आणि खड्डे तसेच टाकून गेलो. त्यांच्या धंद्यात खड्डा भरतात. आपल्यात पाडतात. त्यांना सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

कस्तुरा ओट्याच्या कडेला टेकली. आपण काय बोललो ते तिला शब्दाशब्दानं आठवलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पदराचं टोक तोंडात धरून ती रडली. दोन वर्षं ज्या टाइल्सना नको म्हणत होता, त्यांच्यासाठी एकट्यानं दिवसभर राबला माणूस. जेवायलाही उठला नव्हता, झाकलेलं ताट संध्याकाळी तसंच होतं. ते ताटही तिनं रागात उचलून ठेवलं होतं.

"फक्त फुलांची पट्टी चुकलीय काकांची," ज्योतीराम तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून काहीतरी बोलत राहिला. "खाली घेतलीय. आम्ही पाच फुटांवर लावतो, ही साडेचारच्याही आत आहे. असू द्या. कुठं आहेत काका?"

"बोलावून आणते," कस्तुरा म्हणाली आणि तशीच निघाली.

ते चौकात होते, कंपनीच्या बस थांबतात तिथल्या कट्ट्यावर. पहिल्या शिफ्टच्या बस केव्हाच गेल्या होत्या. हे आपले बसलेले. कस्तुरा समोर जाऊन उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याशी मोठ्यानं बोलायची तिची रीत नव्हती, पण आज बोलली.

"चुकलं माझं. लई चुकलं."

"नाही गं," साहेबराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "खरंच बोललीस. यंत्र विचारल्याशिवाय हात लावत नाही कशाला. मी विचारायला पाहिजे होतं."

"आणि मी सांगायला पाहिजे होतं. टाइलला भिंत खडबडीत लागते म्हणे. धरायला."

"खडबडीत?" त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच कपाळावर हात मारला. "म्हणजे मी त्याचे टाचे बुजवले?"

"सगळे. एक ठेवला नाही."

"अरे देवा. मी म्हटलं, तुझ्या टाइल्स आता येणारच आहेत तर निदान चांगल्या भिंतीवर बसू देत. दोन दिवसांत तो पोरगा कसली लांबी भरतोय, म्हणून म्हटलं आपणच..." त्यांनी नखातली लांबी उकरली. "करायला गेलो गणपती आणि झालं माकड. काढतोय का मग तो?"

"दोन दिवस लागतील म्हणतो. चाललाय."

साहेबराव ताडकन उठले. "दोन दिवस? माझी लांबी त्याला दोन दिवसांत नाही निघायची, चार लागतील! पत्र्यानं खरवडतात होय तिला? चल. मोठं पातेलं ठेव गॅसवर. कढत पाणी पाहिजे."

घरी येईपर्यंत ते तिच्या पुढं चालत होते. पाच वर्षांत हे पहिल्यांदा.

ज्योतीराम पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. साहेबरावांनी त्याच्या खांद्यावरून पिशवी काढून खाली ठेवली. "मिस्त्री, माझी चूक झाली. पण ही सरसातली लांबी आहे, बाजारातली पुट्टी नाही. हिला ऊन पाणी लागलं की ती विरघळते. दोन तास द्या मला. तुमचे टाचे जसेच्या तसे काढून देतो. नाही निघाले तर खुशाल जा आळंदीला."

"आणि तुमच्या रेघा काका?" ज्योतीरामनं विचारलं. "एवढ्या आखल्यात..."

"जातील. त्याला काय."

कस्तुराला वाटलं, नको, एवढ्या रेघा तरी राहू द्या. पण राहिल्या तर टाइल्स पडणार. तिनं गॅस पेटवला आणि अकरा डब्यांच्या आमटीचं पातेलं पाण्यानं भरून चढवलं. साहेबराव गोणपाटाचे तुकडे कढत पाण्यात बुडवून भिंतीवर थापायचे, जरा दम धरायचे आणि ओल्या काथ्यानं घासायचे. पांढरं पाणी ओघळायला लागलं. फुलं गेली, चौकोन गेले, आणि खालून एक-एक करत टाचे परत वर यायला लागले. ज्योतीराम आधी नुसता बघत होता. मग त्यानंही बाह्या सरसावल्या. कस्तुरा डाव्या हातानं काथ्या फिरवायला पुढं आली तर साहेबरावांनी तो काढून घेतला. "तू नाही. तुझं घासणं संपलं."

साडेअकरापर्यंत भिंत मोकळी झाली. पण साहेबराव थांबेनात. त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि टाच्याटाच्यातून लांबीचा शेवटचा कण, शनिवारची धूळसुद्धा काढली. मग स्वच्छ ओल्या फडक्यानं वरून खाली, एकाच दिशेनं, सगळी भिंत पुसली.

"एवढं कोणी करत नाही काका," ज्योतीराम म्हणाला.

"धूळ राहिली की वरचं काही धरत नाही. मग रंग असो नाहीतर टाइल," साहेबराव म्हणाले. ज्योतीरामनं थापीच्या दांड्यानं डोकं खाजवलं आणि कबूल केलं की हे बरोबर आहे, आणि आपण शनिवारी ते केलं नव्हतं.

मग टाइल्स चढायला लागल्या. खालच्या ओळी भराभर झाल्या. ज्योतीराम टाइल दाबायचा, थापीच्या दांड्यानं ठोकायचा, आणि साहेबराव कान लावून ऐकायचे. एक टाइल जरा पोकळ वाजली तर दोघांनी एकदमच मान हलवली, ती काढून पुन्हा लावली. दुपार कलली. फुलांच्या टाइल्सचं खोकं ज्योतीरामनं पुढं ओढलं.

"काका, आता पट्टी. आखणी तर गेली तुमची. पाच फुटांवर घेतो, सगळीकडे तशीच असते. तुमची जरा खाली आली होती."

"नाही," साहेबराव म्हणाले. "खाली आली नव्हती."

"अहो, मी मोजली ना. साडेचारच्या आत होती."

साहेबराव कस्तुराकडे वळले. "जरा इकडे ये. ओट्यासमोर उभी राहा."

"आता कशाला? पसारा पडलाय सगळा."

"उभी राहा गं. भाकरी थापताना राहतेस तशी."

कस्तुरा ओट्यासमोर उभी राहिली. परात नव्हती, पीठ नव्हतं, तरी हात सवयीनं ओट्यावर गेले आणि खांदे जरासे वाकले. साहेबराव तिच्या शेजारी आले. टेप नाही, दोरा नाही. त्यांनी एकदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि बोट सरळ नेऊन भिंतीवर, एका टाच्यावर टेकवलं.

"इथं," ते ज्योतीरामला म्हणाले. "पाच फुटांवर लावलीस तर फुलं तुला दिसतील, मला दिसतील. आपण काय, पाणी प्यायला येतो इथं. ही रोज सहा तास उभी असते. तिच्या डोळ्यांसमोर नकोत?"

ज्योतीरामनं पेन्सिलीनं त्या बोटाखाली खूण केली आणि उगाचच थापी धुवायला मोरीकडे गेला.

कस्तुरा हलली नाही. समोरच्या खडबडीत भिंतीवर ते बोट होतं, नखाच्या कडेला अजून पांढरी लांबी अडकलेलं. चौतीस वर्षं ती समजत होती की ह्या माणसाला फक्त भिंत दिसते, भिंतीसमोरची बाई दिसत नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत, हात वर जात नव्हता म्हणूनही, आणि पुसावेसे वाटले नाहीत म्हणूनही.

"काय हो," ती म्हणाली, "तुमच्या कंपनीतल्या त्या यंत्राला हे माप सापडलं असतं का?"

साहेबरावांनी खरोखरच विचार केला. तसा त्यांचा स्वभावच होता.

"नसतं सापडलं," ते म्हणाले. "पण त्यानं लांबीही भरली नसती."

कस्तुरा रडता रडता फस्सकन हसली. त्यांनी बोट काढलं नाही, ज्योतीराम फुलाची पहिली टाइल घेऊन येईपर्यंत ते तिथंच धरून ठेवलं.